पोटॅशियम कमी झालं म्हणून किडनी बिघडली, की किडनी बिघडली म्हणून पोटॅशियम?

प्रश्न: माझी पत्नी ३८ वर्षांची, वजन ५२ किलो. गेल्या दोन वर्षांत तीन वेळा तिच्या हातापायांतली ताकद एकाएकी गेली. सकाळी उठायला गेली तर अंथरुणातून उठताच येईना. दर वेळी पोटॅशियम कमी निघालं (२.१, २.४ आणि शेवटी १.९). सलाईनमधून पोटॅशियम दिलं की दोन दिवसांत चालत घरी यायची. 'केळी खा, शहाळं प्या' एवढंच सांगितलं जायचं. या वेळी मोठ्या हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. एएनए आणि अँटी-एसएसए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आले, शोग्रेन सिंड्रोम असं निदान झालं. क्रिएटिनिन १.६ आहे आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत कॅल्शियम साठल्याचं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात, पोटॅशियममुळे किडनी खराब झाली. दुसरे म्हणतात, किडनीच्या आजारामुळे पोटॅशियम कमी होतं. खरं काय? डायलिसिसची वेळ येईल का? स्टिरॉइड घ्यावं का? आम्हाला १४ वर्षांची मुलगी आहे, तिलाही हे होईल का? जुलाबाचा त्रास नाही. रिपोर्ट सोबत जोडले आहेत. आणि हो, तिची कंबर आणि मांड्याही दुखतात.

उत्तर: दोन्ही डॉक्टरांचं बरोबर आहे, फक्त क्रम लावायला हवा. शोग्रेन म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. त्याने आधी किडनीतल्या नळ्या बिघडवल्या. बिघडलेल्या नळ्यांतून पोटॅशियम लघवीवाटे जाऊ लागलं. ते महिनोन्‌महिने कमी राहिलं आणि त्या कमतरतेने त्याच नळ्यांना दुसरा फटका दिला. यात थोडा वाटा आपल्याकडच्या पद्धतीचाही आहे. दर वेळी आकडा ३.५ च्या वर आणायचा आणि पेशंटला घरी पाठवायचं, एवढंच झालं. पोटॅशियम जातंय कुठे, हे दोन वर्षं कुणी पाहिलं नाही.

तुमच्या रिपोर्टांत माझी नजर आधी गेली ती क्लोराइडवर. शेवटच्या वेळचे आकडे असे आहेत: सोडियम १४०, पोटॅशियम १.९, क्लोराइड ११६, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल मारणारा क्षार) १४. आधीच्या दोन अ‍ॅडमिशनचे कागद पाहिले तर तिथेही क्लोराइड ११४ आणि ११५ आहे. क्लोराइड साधारण १०६-१०७ च्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये 'इलेक्ट्रोलाइट्स' लिहिलं की सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढे तीनच आकडे येतात. बायकार्बोनेट वेगळं सांगावं लागतं आणि सहसा कुणी सांगत नाही. पण पोटॅशियम कमी आणि क्लोराइड इतकं जास्त असेल, तर बायकार्बोनेट कमी असणार आणि रक्तात अ‍ॅसिड साठलेलं असणार, हा अंदाज त्या तीन ओळींवरूनही बांधता येतो. वहिनींच्या बाबतीत तो पहिल्याच खेपेला बांधता आला असता.

आता त्या १४० मधून ११६ आणि १४ वजा करा. उरले १०. ही जी दरी उरते ती साधारण ८ ते १२ असते. मधुमेहातलं कीटोअ‍ॅसिड किंवा जंतुसंसर्गातलं लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं असतं तर ती वाढली असती. ती वाढलेली नाही, म्हणजे बाहेरचं कुठलं अ‍ॅसिड आलेलं नाही. एक तर जुलाबावाटे बायकार्बोनेट जातंय किंवा किडनीला रोजचं अ‍ॅसिड बाहेर टाकता येत नाहीये. जुलाबाचा त्रास नाही असं तुम्ही लिहिलंय. रक्ताचा पीएच ७.३० असताना, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं असताना, धडधाकट किडनी लघवीचा पीएच ५.५ च्या खाली नेते. वहिनींच्या लघवीचा पीएच ७ आहे. नुसत्या या एका आकड्यावर विसंबू नये, कारण लघवीच्या काही जंतुसंसर्गांतही पीएच चढतो. पण त्याच लघवीत पोटॅशियम ३८ आहे. रक्तात १.९ उरलं असताना किडनीने पोटॅशियम मुठीत धरून ठेवायला हवं, लघवीत ते १५-२० च्या आत असायला हवं. इथे ते सर्रास वाहतंय.

या सगळ्याला मिळून डिस्टल रीनल ट्यूब्युलर अ‍ॅसिडोसिस म्हणतात. आम्ही बोलताना 'टाइप वन आरटीए' म्हणतो. किडनीतल्या नळ्यांच्या शेवटच्या टप्प्यात काही पेशींचं कामच रक्तातलं अ‍ॅसिड पंपाने लघवीत ढकलण्याचं असतं. शोग्रेनमध्ये लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत ज्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जमतात, त्याच किडनीत नळ्यांच्या मधल्या जागेतही जमतात. अशा एका पेशंटच्या बायोप्सीत तो अ‍ॅसिडचा पंप दिसतच नाही, असं १९९२ मध्ये दाखवलं गेलं. अ‍ॅसिड बाहेर जात नाही, सोडियम तर परत घ्यायचं असतं, मग त्या व्यवहारात अ‍ॅसिडऐवजी पोटॅशियम बाहेर पडतं. शरीरातलं मीठ-पाणी थोडं कमी होतं, त्याने अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते आणखी पोटॅशियम घालवतं. साठलेलं अ‍ॅसिड झेलायला हाडांतलं कॅल्शियम निघतं आणि ते लघवीत उतरतं. त्याला विरघळवून ठेवणारं सायट्रेट याच आजारात कमी झालेलं असतं. सोनोग्राफीतलं कॅल्शियम तिथून आलं. वहिनींची कंबर आणि मांड्या दुखतात असं तुम्ही शेवटी जाताजाता लिहिलंय, ते दुखणंही बहुधा याच हिशेबातलं आहे.

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ बायकांचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकं या आजाराची सुरुवात डोळ्यांपासून करतात. आमच्याकडे गाडी बऱ्याचदा उलटी येते. बाई स्ट्रेचरवर येते ती पाय गेले म्हणून. कोरड्या तोंडाची तक्रार तिने कधी केलेलीच नसते, कारण तो तिला आजार वाटत नाही. 'तोंड कोरडं पडतं का' असं विचारलं तर 'नाही' म्हणतात. 'भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का' असं विचारलं तर नवराच सांगतो, 'ताटाशेजारी तांब्या लागतोच हिला.' पुढचे दात किडून काळे पडलेले असतात. सुजेच्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ९०-१०० आणि सीआरपी जवळपास नॉर्मल असतो. एकूण प्रोटीन वाढलेलं आणि त्यात ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा जास्त असतं. वहिनींच्या जुन्या रिपोर्टात टोटल प्रोटीन ८.९ आणि अल्ब्युमिन ३.७ आहे, म्हणजे ग्लोब्युलिन ५.२ झालं. तेही दोन वर्षं कागदावर पडून होतं.

पहिल्या दोन वेळा निदान लिहिलं गेलं ते 'हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस', म्हणजे पोटॅशियम उतरून अधूनमधून हातपाय लुळे पडणं. त्या नावाचा घराण्यात चालणारा आजार आहे खरा. थायरॉइड वाढल्यानेही तसं होतं आणि ते आशियाई पुरुषांत जास्त दिसतं. पण त्या आजारांत शरीरातलं पोटॅशियम हरवत नाही, ते फक्त रक्तातून पेशींच्या आत जाऊन बसतं. झटका ओसरला की आपोआप बाहेर येतं आणि मधल्या काळात सगळं नॉर्मल असतं. बायकार्बोनेटही नॉर्मल असतं. ज्या पेशंटला अ‍ॅसिडोसिस आहे त्याला हे लेबल लावून मोकळं होऊ नये. पाय गेलेल्या प्रत्येक पेशंटचं क्लोराइड आणि बायकार्बोनेट पाहायचंच, असा आमच्या विभागातल्या निवासी डॉक्टरांना माझा धोशा असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नुसत्या कमी पोटॅशियमने किडनी बिघडते का? बिघडते. वर्षानुवर्षं उलट्या काढणाऱ्या किंवा जुलाब होण्याची औषधं घेणाऱ्या, जेवण टाळणाऱ्या आणि पोटॅशियम गळण्याचा जन्मजात दोष असलेल्या लोकांतही हे दिसलं आहे. त्यांना शोग्रेनचा काही संबंध नसतो. हे नुकसान टप्प्याटप्प्याने होतं आणि प्रत्येक टप्प्याचं भवितव्य वेगळं असतं.

सगळ्यात आधी लघवी दाट करायची ताकद जाते. नळ्यांच्या भिंतीतली पाणी परत ओढून घेणारी दारं पोटॅशियम कमी असताना घटतात. माणूस रात्री तीन-चार वेळा उठतो, तहान लागते, आणि तोंड आधीच कोरडं असल्याने त्या तहानेकडे कुणाचं लक्ष जात नाही. पोटॅशियम भरून निघालं की काही आठवड्यांत हे सुधारतं. त्याच सुमारास नळ्यांच्या पेशींत पोकळ्या दिसू लागतात. बायोप्सीत त्या स्पष्ट दिसतात आणि पोटॅशियम टिकवलं तर त्याही बऱ्याच अंशी भरून येतात.

पुढचा टप्पा वाईट. पोटॅशियम कमी असलं की किडनी अमोनिया जास्त बनवते. हा जादा अमोनिया नळ्यांच्या आसपास साचून काँप्लिमेंट नावाच्या संरक्षण यंत्रणेला चेतवतो आणि तिथे सूज येते. उंदरांवरच्या प्रयोगांतून हे १९८० च्या दशकात पुढे आलं आणि त्याच प्रयोगांत अल्कली, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, दिल्यावर नुकसान कमी झालेलं दिसलं. आत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही आकसतात. हे बरीच वर्षं चाललं की नळ्यांच्या मध्ये व्रण होतात, किडनीच्या आतल्या भागात गाठी, म्हणजे सिस्ट येतात. व्रण परत जात नाहीत. वहिनींच्या किडनीत तर हे दुहेरी आहे. लिम्फोसाइट आधीपासून तिथे बसलेले, त्यात कमी पोटॅशियमची भर आणि त्यात साठलेलं कॅल्शियम. कुणाचा वाटा किती, हे रक्ताच्या कुठल्याही तपासणीतून कळत नाही.

आणखी एक वाट आहे आणि ती अचानकची आहे. पोटॅशियम २.५ च्या खाली गेलं की स्नायूंचा रक्तपुरवठा अपुरा पडून स्नायू फुटू शकतात. त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन किडनीत अडकतं आणि दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन चढतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारांत जातं. शेवटच्या अ‍ॅडमिशनला वहिनींचं सीपीके ४,२०० होतं. म्हणून त्या १.६ मधला काही भाग या तात्पुरत्या माराचा असू शकेल. क्रिएटिनिन चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करा आणि तोवर त्या आकड्यावर कायमचा शिक्का मारू नका. ३८ वर्षांच्या स्त्रीमध्ये १.६ म्हणजे किडनीचं काम सुमारे ४२ टक्क्यांच्या आसपास, असं ढोबळमानाने समजा. शरीर बारीक असेल, स्नायू कमी असतील, तर क्रिएटिनिन प्रत्यक्षापेक्षा बरं दिसतं, हेही ध्यानात असू द्या.

पुन्हा कधी हातपाय गेले तर कॅज्युअल्टीत काय व्हावं आणि काय होऊ नये, हे घरातल्या दोघा-तिघांना ठाऊक हवं. कारण तिथला डॉक्टर नवा असतो. अ‍ॅसिडोसिस पाहून त्याने आधी सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचं इंजेक्शन दिलं, तर रक्तात उरलंसुरलं पोटॅशियमही पेशींत शिरतं. पोटॅशियम १.९ वरून १.४ वर येतं आणि श्वासाचे स्नायू थांबतात. अ‍ॅसिडोसिसमध्ये पोटॅशियम पेशींतून बाहेर येत असतं, म्हणजे त्या १.९ मागची खरी तूट दिसते त्याहून मोठी असते. म्हणून आधी पोटॅशियम, मग सोडा. दुसरं, पोटॅशियम ग्लुकोजच्या सलाईनमध्ये घालू नये, साध्या सलाईनमध्ये घालावं. ग्लुकोजने इन्सुलिन सुटतं आणि पोटॅशियम पुन्हा आतच जातं. आपल्याकडे अशक्त पेशंट दिसला की ग्लुकोज लावायची रीत आहे, नातेवाईकही आग्रह धरतात, तो तुम्ही धरू नका. साध्या शिरेतून तासाला १० एमईक्यूपर्यंत (हे क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम देतात. त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर लागतो. आणि मान उचलता येत नसेल, आवाज बसला असेल किंवा एका दमात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर वाट न पाहता आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. 'शोग्रेन, टाइप वन आरटीए, पोटॅशियम आधी, सोडा नंतर, ग्लुकोज नको' असं लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. मराठीबरोबर इंग्रजीतही लिहा.

रक्ताचा नमुना घेताना एक बारकावा. मूठ आवळून उघडझाप केली किंवा नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच जास्त येतं. वहिनींना लक्षणं असताना रिपोर्ट ३.८ आला तर नमुना परत द्या.

रोजच्या औषधाचं सांगतो, कारण खरी लढाई तिथे आहे. डिस्चार्ज कार्डावर पोटॅशियम क्लोराइडचं सिरप लिहिलंय. त्याने पोटॅशियम चढेल, पण अ‍ॅसिड तसंच राहील आणि क्लोराइडची भर पडेल. गळती चालूच राहील. सिरप सुरू असूनही पोटॅशियम ३.१-३.२ च्या पुढे सरकत नाही, अशा तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. वहिनींना हवंय ते पोटॅशियम सायट्रेट. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, त्यामुळे पोटॅशियम आणि अल्कली दोन्ही मिळतं आणि लघवीत सायट्रेट वाढल्याने कॅल्शियमही कमी बसतं. मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण १ ते २ एमईक्यू अल्कली लागते. ५२ किलोला सुरुवात ५०-६० एमईक्यूने होते, तीन-चार वेळांत विभागून, जेवणानंतर. पहिले काही आठवडे पोटॅशियम क्लोराइडही सोबत लागू शकतं आणि वरून थोड्या सोडामिंटच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) गोळ्या. नेमका डोस तुमचे डॉक्टर आकडे बघून ठरवतील. लक्ष्य असं, की पोटॅशियम ४ च्या आसपास टिकावं आणि बायकार्बोनेट २२ च्या वर राहावं.

सायट्रेटच्या गोळ्यांपेक्षा मी शोग्रेनमध्ये सिरप पसंत करतो. तोंड आणि अन्ननलिका कोरडी असते, पोटॅशियमची गोळी मध्येच अडकून तिथे जखम करते. गोळीच घ्यायची झाली तर पेलाभर पाण्याबरोबर, बसून, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. सिरप पाण्यात पातळ करून प्यायचं आणि वर चूळ भरायची, नाहीतर आधीच किडणारे दात आणखी जातात. औषधाच्या दुकानात एक घोटाळा हमखास होतो. चिठ्ठीवर पोटॅशियम सायट्रेट असतं, ते संपलेलं असतं, आणि 'तेच आहे हो' म्हणून लघवीच्या जळजळीचं डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं सिरप हातात दिलं जातं. त्यात सोडियम असतं, पोटॅशियम नसतं. बाटली घरी नेण्याआधी मागचं बारीक अक्षर वाचा. ५ मिलीत किती पोटॅशियम, हेही कंपनीगणिक बदलतं, म्हणून ब्रँड बदलला तर डॉक्टरांना कळवा.

केळी आणि शहाळं वाईट नाही. एका मध्यम केळ्यात साधारण १० एमईक्यू पोटॅशियम असतं, पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात १५ च्या आसपास. पण आधीची तूट कित्येकशे एमईक्यूची आणि वर रोजची गळती, ती केळ्यांनी कशी भरणार? आता उलट बाजूही ऐका. पुढे किडनीचं काम कमी झालं, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारखी गोळी सुरू झाली, तर हेच सिरप आणि हीच शहाळी पोटॅशियम धोक्याइतकं वाढवू शकतात. त्यामुळे डोस ठरलेला असला तरी तपासणी चुकवायची नाही. सुरुवातीला दर आठवड्याला, आकडे स्थिर झाल्यावर महिन्याने, मग तीन महिन्यांनी. तपासणीत पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन हे चारही हवेत आणि अधूनमधून मॅग्नेशियम. मॅग्नेशियम कमी असेल तर कितीही पोटॅशियम ओता, ते लघवीतच जातं.

ज्येष्ठमधाबद्दल विचारायलाच हवं. घसा कोरडा पडतो म्हणून वहिनी ज्येष्ठमधाची काडी चघळतात किंवा काढा घेतात का? कोरड्या तोंडाच्या निम्म्याअधिक बायका घेतात, असं माझं निरीक्षण आहे, आणि ते औषध आहे असं त्यांना वाटतच नाही, म्हणून सांगत नाहीत. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन किडनीत अल्डोस्टेरॉनसारखंच काम घडवून आणतं. बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. खोकल्याच्या कित्येक आयुर्वेदिक गोळ्यांत आणि चाटणांतही ते असतं. पूर्ण बंद करा. तोंड ओलं ठेवायला घोटघोट पाणी आणि साखर नसलेलं च्युइंग गम पुरे.

डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्रुफेन यांतलं काहीही नको, 'फक्त दोन दिवस' म्हणूनही नको. सांधे दुखले तर पॅरासिटामॉल. पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी वर्षभर चालू आहे असं यादीत दिसतंय. ते कुणी आणि का सुरू केलं? या गटाच्या गोळ्या स्वतःच नळ्यांच्या मधल्या जागेत सूज आणू शकतात आणि मॅग्नेशियम उतरवतात. वहिनींच्या किडनीत जे चाललंय, नेमकं तेच. पोटात अल्सर वगैरे ठोस कारण नसेल तर डॉक्टरांना विचारून थांबवा. हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आणि दर आठवड्याला व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी, हेही आपल्या मनाने घेऊ नका. इथे हाडं झिजली ती अ‍ॅसिडमुळे. अल्कली नीट मिळाली की कॅल्शियम हाडांत थांबतं. डी कमी असेल तर मोजूनमापून द्यावं लागतं, कारण किडनीत आधीच कॅल्शियम बसलंय.

स्टिरॉइड घ्यावं का, हे बायोप्सीवर ठरवावं असं माझं मत आहे. काही डॉक्टर बायोप्सीशिवाय देतात, तेही अगदी चूक नाही. पण इथे प्रश्न सूज किती आणि व्रण किती हाच आहे. ताजी सूज असेल, लिम्फोसाइट खच्चून भरलेले असतील, तर प्रेडनिसोलोनने क्रिएटिनिन खाली येण्याची चांगली शक्यता असते. ते काही आठवडे देऊन हळूहळू उतरवतात, गरज पडली तर प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिन सोबत देतात. सगळे व्रणच असतील तर स्टिरॉइडने साखर आणि वजन वाढेल, किडनीला फायदा होणार नाही. शिवाय स्टिरॉइड स्वतः थोडं पोटॅशियम घालवतं, म्हणून ते सुरू करताना सायट्रेट सुटता कामा नये. अ‍ॅसिडचा पंप मात्र स्टिरॉइडने नेहमी परत येत नाही. म्हणून क्रिएटिनिन नॉर्मल झालं तरी सिरप चालूच ठेवावं लागतं, बहुतेकांना कायमचं. 'आता बरं वाटतंय' म्हणून सिरप बंद करून पंधरा-वीस दिवसांत परत स्ट्रेचरवर आलेले पेशंट आम्ही नेहमी पाहतो. बायोप्सीआधी पोटॅशियम सुधारलेलं हवं, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या झालेल्या हव्यात. एक रात्र हॉस्पिटलमध्ये राहावं लागेल, एवढंच.

शोग्रेनसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू करायचं ठरलंय असं दिसतं. गोळी चांगली आहे, दोन अटींवर. ती ईसीजीतलं 'क्यूटी' नावाचं अंतर लांबवू शकते आणि पोटॅशियम कमी असताना ते धोक्याचं असतं. म्हणून आधी पोटॅशियम जागेवर आणा, ईसीजी काढा, मगच पहिली गोळी. अ‍ॅझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉन, डॉम्पेरिडोन यांच्याबाबतही हीच खबरदारी. दुसरी अट, दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. ५२ किलोला २६० होतात, म्हणजे रोज ४०० नको. किडनी कमी चालत असताना डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याची शक्यता वाढते, तेव्हा सुरुवातीलाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रेटिना तपासून घ्या. कोरडेपणासाठी अश्रू मोजणारी शिर्मर चाचणीही त्याच भेटीत होईल.

डायलिसिसचं विचारलंत. शोग्रेनमुळे नळ्यांच्या मधल्या जागेला आलेली सूज सहसा सावकाश चालते, आणि नीट उपचार घेणाऱ्यांत डायलिसिसपर्यंत जाणं विरळाच. ज्यांची किडनी जाते त्यांच्यात वर्षानुवर्षं निदान न झालेले, पोटॅशियम वारंवार दोनच्या आसपास गेलेले, दुखण्याच्या गोळ्या खाल्लेले पेशंट जास्त असतात. लघवीतलं प्रोटीन मात्र मोजून घ्या, ते तुमच्या रिपोर्टांत नाही. थोडं असेल तर ते या आजाराला धरूनच आहे. जास्त निघालं, लघवीत रक्तपेशी दिसल्या किंवा रक्तातलं सी४ (काँप्लिमेंटमधलं एक प्रोटीन) कमी असेल, तर किडनीतल्या चाळण्यांनाही हात लागलाय असं समजून बायोप्सी लांबवायची नाही. कानाखालची गाठ सतत सुजलेली राहिली किंवा एकाएकी वाढली तर तेही सांगा, कारण शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कॅन्सरचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

मुलीचं. आरटीएचा एक जन्मजात प्रकार आहे, पण तो लहानपणीच दिसतो. मूल वाढत नाही, हाडं वाकतात, कधी ऐकूही कमी येतं. वहिनींचा आरटीए त्यातला नाही, शोग्रेनमुळे आलेला आहे आणि तो असा आईकडून मुलीकडे जात नाही. अशा आजारांकडे कल थोडाफार घराण्यात असतो, म्हणजे थायरॉइड, आमवात, ल्युपस यांपैकी काही नातलगांत दिसू शकतं. मुलीची उंची वाढतेय, पाळी नियमित आहे, डोळे-तोंड कोरडं नाही, तर तिची एएनए वगैरे काढू नका. ही तपासणी ठणठणीत माणसांतही पॉझिटिव्ह येते आणि मग वर्षभर घर त्याच काळजीत जातं. वहिनींना आणखी मूल हवं असेल तर मात्र आधी येऊन भेटा. अँटी-एसएसए पॉझिटिव्ह असताना बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येण्याची शंभरात एक-दोन इतकी शक्यता असते आणि त्यासाठी साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यापासून सोनोग्राफीत बाळाचं हृदय खास पाहावं लागतं. मायकोफेनोलेट चालू असेल तर गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी ते बदलावं लागतं, म्हणून हे बोलणं औषध सुरू होण्यापूर्वीच झालेलं बरं.